सत्तरीनंतरची नृत्यशिक्षिका

चार वर्षांपूर्वी मी एका आजींना दिलेला सल्ला चुकीचा होता. तो चुकीचा आहे हे उमगायला मला जवळजवळ दीड वर्ष लागले आणि त्या दीड वर्षाची किंमत आजींनी मोजली.

आजी वेल्ह्याकडच्या एका वाडीतल्या. तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. पण भोरच्या बाजारात आणि माझ्या दवाखान्यातील केसपेपरवर अजून वेल्हेच चालते. माझा दवाखाना भोरला आहे. दर बुधवारी मी नसरापूरवरून वेल्ह्याच्या बाजूला जातो आणि एका ओळखीच्या घराच्या पडवीत बसून दुपारपर्यंत रुग्ण तपासतो. आजी त्या वेळी अडुसष्ट वर्षांच्या होत्या. भातलावणीच्या दिवसांत शेवाळलेल्या अंगणात त्यांचा पाय घसरला, सावरण्यासाठी हात टेकला आणि मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. ते काढल्यावर मी त्यांना म्हणालो, ‘आजी, आता फार हिंडायचं नाही. शेतात, पाणंदीत जायचं नाही. घरात जपून बसा.’ सून शेजारीच उभी होती. तिने तो सल्ला मंत्रासारखा पाळला.

आजी बसल्या. पाणी हातात, ताट पुढ्यात, काठी उशाशी. दीड वर्षानंतर एका रात्री लघवीला उठताना त्या खाटेशेजारीच पुन्हा पडल्या. खुब्याचे हाड वाचले, हे दैव. तपासताना मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला तर स्नायू हाताला लागेना. खुर्चीत बसवून, हात छातीवर दुमडून, अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा उभे राहता येईल तितके राहा, असे सांगितले. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या स्त्रीने हे दहा वेळा करावे, अशी अपेक्षा असते. आजींना चार वेळा जमले आणि चौथ्या वेळी त्यांनी सुनेचा हात धरला.

म्हणजे पडू नये म्हणून ज्यांना मी बसवले, त्या बसल्यामुळे पडल्या. तोल ही काही जन्मभराची ठेव नव्हे. डोळे, अंतर्कर्ण, तळपायांतील संवेदना आणि मांडी-पोटरीचे स्नायू या साऱ्यांचा मेंदूत क्षणाक्षणाला हिशेब जुळतो, तेव्हा माणूस उभा राहतो. हा हिशेब रोज करावा लागतो. तो करणे थांबवले की आकडे चुकू लागतात. त्यातच एकदा पडलेल्या माणसाच्या मनात भीती बसते. भीतीने तो पावले आखूड टाकतो, खाली बघत चालतो, आणि तसे चालणे अधिकच डगमगते.

मी मग शहाण्यासारखे व्यायामाचे छापील पत्रक दिले. पाय वर घ्या, खाली घ्या. टाचा उचला, टेका. पुढच्या बुधवारी विचारले, ‘केलंत का?’ आजी म्हणाल्या, ‘डाक्टर, पाय वर करा, खाली करा, हे काय काम झालं? त्यातनं निघतं काय?’ मला उत्तर सुचले नाही. ज्या बाईने चाळीस पावसाळे चिखलात वाकून आवण लावली, तिला भिंतीकडे तोंड करून टाचा उचलायला सांगणे तिच्या लेखी पोरखेळ होता.

उत्तर आले ते एका फुटलेल्या हनुवटीतून. श्रावणात वाडीतल्या शाळेच्या मुली नागपंचमीसाठी झिम्मा-फुगडी बसवत होत्या. फुगडी घालताना हात सुटले, सहावीतली एक मुलगी पायरीवर आदळली आणि रडत पडवीत आली. दोन टाके घालताना मी तिला विचारले, ‘फुगडी कोणी शिकवली?’ ती म्हणाली, ‘मोबाईलवर बघून.’ कोपऱ्यात आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या आजी एकदम म्हणाल्या, ‘हात दाव बघू कसा धरलास.’ मुलीने मैत्रिणीची बोटे धरून दाखवली. ‘बोटं सुटायचीच. मनगट धर. बांगड्या वर सार. आन् पाय कुठंयत तुझं? चवड्याला चवडा लाव.’ बोलता बोलता त्या उठल्या. सुनेचा हात न धरता उठल्या. खांबाला एक हात लावून दुसऱ्या हाताने त्यांनी त्या दोघींचे खांदे मागे सारले. मी टाक्याचा धागा हातात धरून बघत राहिलो.

त्यानंतर शाळेच्या बाईंनीच त्यांना बोलावले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची मांडली जाऊ लागली. आजी बसून ठेका देत आणि पाऊल दाखवायचे असेल तेवढ्यापुरत्या उभ्या राहत. एका तासात किती वेळा उठतात, हे मी एकदा सहज मोजले. सव्वीस वेळा! माझ्या पत्रकात दहा होते.

इथे थोडे विषयांतर वाटेल असे काही सांगतो. ते विषयाला धरूनच आहे. माझी भाची इंग्लंडात नोकरी करते. पहिल्या हिवाळ्यात एकटेपणाने कावून ती एका संध्याकाळच्या नृत्यवर्गाला जाऊ लागली. नृत्याचे नाव ‘स्विंग’. तीन वर्षांत ती तिथे नवशिक्यांना शिकवू लागली. गणपतीला ती भोरला आली, तेव्हा मी तिला विचारले, ‘तू तर कधी नाचाच्या वाटेला गेली नाहीस, शिक्षिका कशी झालीस?’ तिने दिलेले उत्तर प्रत्येक वडीलधाऱ्याने ऐकण्यासारखे आहे. नाचता येणे आणि नाच शिकवता येणे या दोन निराळ्या विद्या आहेत, असे ती म्हणाली. शिकवणाऱ्याला जोडीतील दोन्ही बाजू याव्या लागतात : पुढाकार घेणाऱ्याचीही आणि साथ देणाऱ्याचीही. समोरच्याचे वजन या क्षणी कोणत्या पायावर आहे, हे ओळखावे लागते. एका वेळी एकच चूक सांगायची. हात धरण्यापूर्वी कुठे दुखते का, हे विचारायचे. दर चार-पाच मिनिटांनी जोड्या बदलायच्या, म्हणजे कोणी कोणाच्या गळ्यात पडून राहत नाही. आणि पहिली दहा मिनिटे नाच शिकवायचाच नाही. फक्त ठेक्यावर चालायला लावायचे.

हे नृत्य मूळचे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीयांचे. १९२६ मध्ये तिथे ‘सॅव्हॉय बॉलरूम’ नावाचे मोठे नृत्यगृह उघडले. अमेरिकेत वर्णभेद कडक असतानाही तिथे गोरे आणि काळे एकाच फरशीवर नाचत. स्विंगचा जो मुख्य प्रकार, ‘लिंडी हॉप’, त्याला नाव मिळाले ते १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्ग या वैमानिकावरून, असे सांगतात. आपल्याकडे भाटघरच्या धरणाचे काम पुरे होत आले होते, त्याच सुमाराची ही गोष्ट. सॅव्हॉयमध्ये नाचणाऱ्या तरुणांत फ्रँकी मॅनिंग नावाचा एक होता. जन्म १९१४ चा. जोडीदारीण उचलून हवेतून पलटवण्याची करामत १९३५ मध्ये प्रथम त्याने केली. पुढे चित्रपट झाले, दौरे झाले, महायुद्धात तो सैन्यात गेला. परत आल्यावर संगीताची आवड बदललेली होती. काही वर्षे धडपड करून १९५५ च्या सुमारास त्याने टपाल खात्यात नोकरी धरली आणि तीन दशके ती केली. सॅव्हॉय १९५८ मध्ये बंद झाले. त्याच्याबरोबर टपालाच्या पिशव्या हाताळणाऱ्यांपैकी किती जणांना त्याची खरी ओळख ठाऊक असेल?

१९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन तरुण नर्तकांनी, एरिन स्टीव्हन्स आणि स्टीव्हन मिचेल यांनी, त्याला शोधून काढले आणि ‘आम्हाला शिकवा’ म्हणून गळ घातली. मॅनिंग तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. आपण आता नाचत नाही, असे त्याने आधी सांगितले. पण अखेर तो तयार झाला. इथून पुढे जे घडले ते मला वैद्यक म्हणूनही फार मोलाचे वाटते. तो शिक्षक झाला. तेवीस वर्षे तो देशोदेशी शिकवत हिंडला. १९८९ मध्ये ब्रॉडवेवरील ‘ब्लॅक अँड ब्ल्यू’च्या नृत्यरचनेसाठी इतर तिघांसह त्याला टोनी पुरस्कार मिळाला. वाढदिवसाला जितके वय तितक्या स्त्रियांबरोबर नाचायचे, अशी त्याची प्रथा होती. २००९ मध्ये, पंचाण्णवा वाढदिवस महिन्यावर आला असताना, तो गेला. हवेतल्या उड्या त्याने कधीच सोडल्या होत्या. सत्तरीत त्याच्यापाशी होते ते पाऊल, ठेका आणि समोरच्याला धीर देण्याची रीत.

भाचीला मी त्या बुधवारी बरोबर नेले. आजींना कौतुक वाटले, ‘बाई, तिकडं गोऱ्या लोकांना नाच शिकवती?’ मग आजींनी तिला समोर उभे केले आणि एका धडधाकट सुनेबरोबर फुगडी घालायला लावली. भाचीने हात ओढून धरले. आजी खुर्चीतून म्हणाल्या, ‘हात वढू नगंस. अंग मागं टाक, हात आपसूक ताठ हुत्यात.’ भाची थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘मामा, आमच्याकडे हेच वाक्य मी दर आठवड्याला म्हणते!’

आणि ते खरेच आहे. फुगडीत दोघी एकमेकींकडे ओढून घेत नाहीत. दोघी मागे झुकतात आणि एकीचे वजन दुसरीच्या वजनाने तोलले जाते. चवडे मध्ये जवळजवळ, शरीरे बाहेर. वेग वाढेल तसा बाहेर फेकणारा जोर वाढतो आणि त्याला बांधून ठेवतात ते फक्त चार हात. स्विंगमध्येही जोडीदार एकमेकांपासून दूर फेकले जातात आणि हाताच्या ताणावर परत येतात. फरक एवढाच, की तिथे एक जण दिशा ठरवतो आणि दुसरा ती ओळखतो. फुगडीत दोघी समान. जोडीदाराच्या तोलाचा अंदाज हातातून घेणे, ही दोन्हींची विद्या एकच आहे. आजींच्या अंगात ती साठ वर्षे मुरलेली होती. तिचा उपयोग कोणी विचारला नव्हता, इतकेच.

आता वैद्यकाने काय सांगावे? अमेरिकेतील न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ व्यक्तींचा काही वर्षे पाठपुरावा करून जो वेरगीझ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले; आणि शारीरिक हालचालींपैकी ज्या एकाच गोष्टीचा तसा संबंध दिसला, ती म्हणजे नृत्य. यावरून ‘नाचा आणि विसरभोळेपणा टाळा’ अशी जाहिरात मात्र करू नये. ज्यांच्या मेंदूत बिघाड सुरू झाला आहे ते आधीच नाचणे सोडत असतील, असेही असू शकते. तोलाबाबत पुरावा अधिक भक्कम आहे. २०१९ मध्ये शंभराहून अधिक चाचण्या एकत्र तपासून असे दिसले, की वृद्धांनी व्यायाम केल्यास पडण्याचे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटते, आणि त्यात तोल व रोजच्या हालचालींचे व्यायाम विशेष उपयोगी ठरतात. नुसत्या नृत्याचा असा परिणाम किती, हे त्या चाचण्यांतून नक्की ठरले नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ज्येष्ठांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली करायला सांगते.

पण नाचणे आणि नाच शिकवणे यांत माझ्या मते मोठा फरक आहे. शिकवणाऱ्याला एकाच वेळी पाऊल टाकावे लागते, बोलावे लागते, मोजावे लागते आणि दहा मुलींपैकी कोणाचे चुकते हेही पाहावे लागते. वृद्ध माणूस चालता चालता बोलायला लागला की थांबतो. असे थांबणारे लोक पुढे पडण्याची शक्यता अधिक असते, हे १९९७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी नोंदवले होते. चालणे आणि बोलणे ही दोन कामे मेंदूला एकत्र झेपत नाहीत, याची ती खूण. शिक्षकाचा तास म्हणजे याच दुहेरी कामाचा सराव. आणि दुसरे असे, की व्यायाम चुकवला तर कोणाचे अडत नाही. वर्ग चुकवला तर बारा मुली दारात येऊन उभ्या राहतात.

आपल्या पुण्यातच याचे एक उत्तम उदाहरण आहे. कथ्थक शिकून पुढे जर्मनीत आधुनिक नृत्याचे शिक्षण घेतलेले हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास पार्किन्सन्स मित्रमंडळातील रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून असे वर्ग चालवले होते. पार्किन्सन्समध्ये पाऊल जमिनीला खिळल्यासारखे होते. पण ठेका मिळाला, की पुष्कळदा तेच पाऊल उचलले जाते. अशा वर्गाचा शिक्षक रुग्णाला रुग्ण म्हणून नव्हे, तर नर्तक म्हणून हाक मारतो. औषध बंद होत नाही, आजार बरा होत नाही. तरीही तो तास त्या माणसाचा असतो.

आता काही खबरदारी, आणि ती मी जरा तपशिलाने सांगणार आहे. कारण गौरी जेवायच्या रात्रीनंतर माझ्या दवाखान्यात दरवर्षी कोणी ना कोणी लंगडत येते. साठीच्या पुढे वेगाची फुगडी घालू नये. हे वाक्य मी निक्षून लिहितो. शिकवणारीने फुगडी सांगावी, दाखवायला दोन मुली घ्याव्यात. स्वतः करावा तो फेर, झिम्मा, पिंग्याची सावकाश पावले, सूप नाचवणे. बसफुगडी आणि कोंबडा हे गुडघे झिजलेल्यांसाठी नाहीत. कूस बदलताना किंवा मान वर करताना गरगरते, अशांनी गिरकीचा विचारच करू नये. तो बहुधा अंतर्कर्णाचा दोष असतो आणि डॉक्टरने डोके ठराविक रीतीने वळवून तो पुष्कळदा बरा होतो. आधी तो दाखवावा.

रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी रक्तदाब मोजून घ्यावा. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर आधी औषधांची फेरतपासणी. मधुमेहींनी उपाशीपोटी वर्ग घेऊ नये. श्रावणी सोमवारचा उपास आणि मधुमेहाची गोळी यांची गाठ मी स्वतः दोनदा सोडवली आहे. जवळच्या आणि लांबच्या नंबरचा एकत्र चष्मा पायरीवर दगा देतो. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचे दिवस गेले. आणि पायात काय? सारवलेली जमीन असेल तर अनवाणी चालेल. फरशी असेल तर मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल. मोजे घालून फरशीवर कदापि नाही.

एक गोष्ट बायका सांगत नाहीत, म्हणून मीच लिहितो. झिम्म्यात उडी मारली की लघवीचे थेंब जातात, किंवा ‘अंग बाहेर येते’. म्हणून कित्येक जणी पन्नाशीतच ‘मला नाही आता आवडत’ असे म्हणून कोपऱ्यात बसतात. आवड गेलेली नसते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, आधार देणारी साधने आहेत, गरज पडली तर शस्त्रक्रिया आहे. सुनेने किंवा मुलीने एकदा एकांतात विचारावे. आमच्या आजींनाही हा त्रास होता. वर्ग सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी, तेही सून बाहेर गेल्यावर, त्यांनी मला सांगितला.

पुरुष वाचकांनी हा लेख बायकांचा समजून पान उलटू नये. या खोऱ्यांतल्या कित्येक गावांत दिंडीची पावली टाकणारे, लेझीम खेळलेले, ढोल वाजवलेले लोक आज ओट्यावर बसून आहेत. लेझमीचे हात मुलांना कवायतीसारखे नव्हे, तर ठेक्यात शिकवणे ही विद्या आहे. पावलीत तर वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेण्याखेरीज दुसरे काय असते? तोलाचा याहून चांगला व्यायाम मला ठाऊक नाही. टाळ हातात असला की पडण्याच्या भीतीकडे लक्षही जात नाही.

घरच्यांसाठी मात्र एक विनंती आहे. आईने किंवा सासूने शिकवायला जायचे म्हटले, की पहिला प्रश्न ‘आता या वयात?’ असा येतो. आमच्या आजींच्या मुलानेही तो विचारला. तो पुण्याला कंपनीत कामाला, महिन्यातून दोनदा येणारा. आईला काही झाले तर रजा कोण देणार, ही त्याची धास्ती खोटी नव्हती. मी त्याला सांगितले, ‘अरे, तुझ्या आईला बसवून ठेवायचा प्रयोग मी केलेला आहे. त्याचा निकाल तू पाहिलास.’ तो गप्प झाला. पुढच्या खेपेला त्याने मागे पट्टा असलेली चप्पल आणली. नेण्या-आणण्याची सोय, वर्गात एक खुर्ची आणि पाणी, धरायला खांब किंवा भिंत, आणि पहिले काही तास शेजारी कोणी तरी उभे : इतके घरच्यांनी पाहिले की पुरे. वर्गात मधूनच ‘आई, बस आता’ असे म्हणू नये. शिक्षकाला विद्यार्थ्यांसमोर कोणी बसवत नसते.

सारे गोड झाले असे लिहिता येणार नाही. आजींची काठी सुटलेली नाही. भात काढणीच्या महिन्यात वर्ग बंद पडला, तेव्हा त्यांचे उठणे लगेच मंदावले. मध्यंतरी गुडघा सुजला आणि तीन आठवडे त्या बसूनच टाळ्या वाजवत राहिल्या. अर्ध्या मिनिटात खुर्चीतून उठण्याची संख्या चारावरून सातावर आली, मग नऊवर. दहा अजून झालेले नाहीत. दीड वर्षात त्या एकदाही पडलेल्या नाहीत. पण याचे श्रेय फुगडीला किती, सुनेने खाटेशेजारी लावलेल्या दिव्याला किती आणि मी बंद केलेल्या झोपेच्या गोळीला किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आता आजींचा वर्ग शाळेच्या व्हरांड्यातून देवळाच्या सभामंडपात गेला आहे, कारण पावसात व्हरांडा ओला होतो. शेजारच्या वाडीतल्या तीन बायकाही येऊ लागल्या आहेत. त्यांतली एक आजींहून दोन वर्षांनी मोठी आहे आणि पिंग्याच्या पावलावरून दोघींचे वाद होतात. आमच्याकडे असेच घालतात, असे दोघीही म्हणतात. सभामंडपाला तीन उंच पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही. गेल्या बुधवारी आजींनी माझ्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली, की पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवणे वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक आहे. चिठ्ठी ग्रामपंचायतीत देऊन आलेली पोच त्यांनी पाटीत जपून ठेवली आहे. कठडा अजून बसायचा आहे. तोवर दोन मुली पायरीशी उभ्या राहतात आणि आजी त्यांचे हात धरून चढतात. बोटे नव्हे, मनगट.